झडत्या म्हणणाऱ्या पोरांना अलंकार अवघड का जातात?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरच्या परीक्षा पानावर मागे अलंकार झटपट ओळखायच्या ट्रिक्स आल्या होत्या. सम, समान, सारखा दिसलं की उपमा, जणू, गमे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा, पेक्षा दिसलं की व्यतिरेक, असं सगळं चौकटीत. आमच्या गावातल्या पोरांनी त्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकले आणि आता माझ्या शिकवणीत जो तो तेच घेऊन बसते, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. मी यवतमाळ जिल्ह्यात दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यात नववी ते बारावीच्या पोरापोरींची मराठीची शिकवणी घेते, सोबत तलाठी आणि पोलीस भरतीची तयारी करणारे चारदोन जण पण येऊन बसतात.

शब्द पाहून अलंकार ओळखणं परीक्षेत कधीकधी चालून जाते, नाही असं नाही. पण "तो सारखा मोबाईल पाहते" हे वाक्य दिलं तर त्याच ट्रिकनं पोरगं उपमा लिहून मोकळं होते, कारण सारखा दिसला ना! आणि "त्याचं काळीज दगडाचं आहे" यात चौकटीतला एकही शब्द नाही म्हणून अलंकारच नाही म्हणते. म्हणजे ट्रिक फसली की हातात काहीच राहत नाही. बरं पुढे दहावीला रसग्रहण लिहायचं असते, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे मुद्दे धरून, तिथं तर ट्रिक कामालाच येत नाही, मग गाईडमधलं एकच वाक्य सगळ्या कवितांना चिकटते की कवीने साध्या सोप्या भाषेत आशय मांडला आहे. कविता पावसाची असो की आईची, वाक्य तेच. मला याचं फार वाईट वाटते साहेब, कारण हीच पोरं घरी, वावरात, पारावर दिवसभर अलंकारात बोलतात.

पोळ्याचंच घ्या. तोरणाखाली बैल उभे राहिले की आमच्याकडे झडत्या होतात, म्हणजे जुळवलेल्या चारदोन ओळी, एकानं म्हणायची, दुसऱ्यानं त्याच्यावर चढवायची, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून हर बोला हर हर महादेव. माझ्याकडच्या एका नववीच्या पोरानं स्वतः जुळवलेली झडती अशी होती,

वावर झालं हिरवंगार, भाव झाला ठार,
सोयाबीन म्हणे मालकाले, मले नोको नेऊ बजार,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

याला विचारलं, यात यमक कुठं आहे, तर म्हणे यमक पुस्तकात असते मॅडम. मग आम्ही ती झडती फळ्यावर लिहून तासभर तिच्यावरच बसलो. गार, ठार, बजार हे तर लगेच सापडलं. पण मी पुढचं विचारलं की ठारच्या जागी "कमी" टाकून पाहा, भाव झाला कमी, काय गेलं? एक पोरगी म्हणे मॅडम, पहिल्यात माणूस मेल्यासारखं वाटते, दुसऱ्यात बातमी वाटते. बरोबर सांगितलं तिनं, हिरवंगार म्हणता म्हणता पोट भरल्यासारखं वाटते आणि त्याच आवाजात ठार येऊन आदळते, यमकानं दोन उलट्या गोष्टी एका दोरीत बांधल्या. मग सोयाबीन का बोलते? पुस्तकात याला चेतनगुणोक्ती म्हणतात, निर्जीव वस्तू माणसासारखी वागते. ही व्याख्या पोरांना पाठ होतीच. पण ते का केलं असेल याचं उत्तर त्या झडतीवाल्या पोरानंच दिलं, की बाप कधी म्हणत नाही मला बाजारात जायची लाज वाटते, सोयाबीन म्हणू शकते. आता मला सांगा, याच्यापेक्षा चांगलं रसग्रहण कोणत्या गाईडात आहे?

मला एवढंच म्हणायचं आहे की अलंकाराचं नाव सांगता येणं ही पहिली पायरी आहे आणि आपण पोरांना तिथंच बसवून ठेवतो. तो अलंकार नसता तर ओळीतून काय गेलं असतं, हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

एकाच गोष्टीवर वेगवेगळे अलंकार चालवून पाहिले की पोरांना फरक पटकन समजते, आमच्याकडे कापूस आहे तर मी कापूसच घेते. पऱ्हाटी फुटली, कापूस चांदण्यासारखा दिसतो, ही उपमा, यात कापूस हे उपमेय म्हणजे ज्याची तुलना करतो ते, चांदणं हे उपमान म्हणजे ज्याच्याशी करतो ते, पण कापूस कापसाच्या जागी आणि चांदणं चांदण्याच्या जागी. वावरात जणू चांदणंच सांडलं, ही उत्प्रेक्षा, बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत आहे पण मन म्हणते घटकाभर असंच समज. कापसाचं चांदणं वेचायला बाया निघाल्या, इथं दोघं एकच झाले, रूपक. हा कापूस नाहीच, चांदणं आहे, इथं तर त्यानं कापसाला साफ नाकारलं, अपन्हुती. आणि चांदणं कसलं घेऊन बसला, कापूस त्याच्याहून पांढरा, इथं उपमेयानं उपमानाला हरवलं, व्यतिरेक. बोलणाऱ्याचं मन त्या वस्तूत किती गुंतलं ते प्रत्येक वाक्यात वेगळं दिसते आणि ते एकदा दिसलं की व्याख्या घोकायची गरजच पडत नाही, पोरं स्वतः व्याख्या करतात. मग पुढचा प्रश्न मी हमखास विचारते की यातलं कोणतं वाक्य कोण बोलेल? सकाळपासून वेचणी करून कंबर धरून उभी असलेली बाई कापसाला चांदणं म्हणेल का? पोरं म्हणतात नाही मॅडम, हे रस्त्यानं जाणारा म्हणेल. कवितेतला बोलणारा कोण, तो कुठं उभा आहे, हे बारावीलाही कुणी शिकवत नाही आणि आमच्या पोरांना ते एका वाक्यात कळलं.

आपल्या पेपरातही दर पावसाळ्यात छापून येते की पावसाने दडी मारली, वरुणराजा रुसला, कांद्याने रडवले. शेवटच्यात तर झक्कास श्लेष आहे, चिरतानाही रडवते आणि भावानंही. कापसाला आपण सगळे पांढरं सोनं म्हणतो, हे रूपक, पण ज्याच्या घरात भाव नाही म्हणून कापूस पडून आहे त्याला ते ऐकताना कसं वाटत असेल यावर पोरांनी चांगला वाद घातला. मी त्यांना रोज एक हेडिंग कापून वहीत चिकटवायला सांगते, अलंकाराची याच्यापेक्षा स्वस्त वही मला तरी माहीत नाही.

घरातल्या बायकांकडे पण किती आहे. उशिरापर्यंत बाजेवर लोळणाऱ्या नातवाला आजी म्हणते, "लय कामाचं पोट्टं हाय बापा, सकायपासून बाजीखाली पाय नाही ठेवला", ही सरळ सरळ व्याजस्तुती, वरून स्तुती आतून निंदा. भुलाबाईच्या गाण्यात सून माहेरी जायला निघते तर सासू आधी कारल्याचं बी पेरायला लावते, मग वेल येऊ दे, मग कारलं लागू दे, तेच ते कडवं एकेक गोष्ट बदलत पुढं सरकते, पोरींना वाटते गाणं लांबवलं आहे म्हणून. त्या सुनेनं जेवढी वाट पाहिली तेवढी वाट गाणं म्हणणारीलाही पाहायला लावते ते कडवं! याला पुस्तकातल्या यादीत सोपं नाव सापडत नाही म्हणून ते शिकवायचंच नाही का? भरतमुनींनी नाट्यशास्त्रात चारच अलंकार सांगितले होते, उपमा, रूपक, दीपक आणि यमक, पुढच्या पंडितांनी ते शंभराच्या वर नेले. म्हणजे यादी कुणी आभाळातून टाकली नाही, ऐकणाऱ्यांना जे जे दिसत गेलं त्याला नाव देत गेले.

आणि याच शास्त्रात आपल्या भागाचं नाव आहे हे इथल्या पोरांना माहीतच नसते. संस्कृत काव्यशास्त्रात लिहिण्याच्या ज्या रीती सांगितल्या त्यात वैदर्भी, म्हणजे आपल्या विदर्भाच्या नावाची, ही सगळ्यात वरची, स्पष्ट, गोड, लांबलचक समास टाळणारी. दंडी नावाच्या जुन्या पंडितानं तिचे दहा गुण सांगितले, पुढं वामन या दुसऱ्या पंडितानं रीती हाच काव्याचा आत्मा म्हटलं. शिकवणीत हे सांगितलं तेव्हा पोरं खरंच ताठ बसली, कारण आपली बोली म्हणजे अशुद्ध हेच त्यांनी लहानपणापासून ऐकलं. अलीकडचं सांगायचं तर अमरावतीचे सुरेश भट, त्यांनी काफिया (यमक जुळवणारा शब्द) म्हणजे काय, रदीफ (त्याच्या मागून तोच तो परत येणारा शब्द) म्हणजे काय हे नवीन लिहिणाऱ्यांना समजावं म्हणून गझलेची बाराखडी लिहून काढली, एवढा मोठा कवी नियम समजावायला बसला. गझल तर आमची पोरं मोबाईलवर रोज ऐकतात, रदीफ कुठं आला ते त्यांना कानानंच कळते, नाव तेवढं सांगायचं राहते.

वृत्ताचं पण तसंच आहे पण त्याच्यावर जास्त लिहीत नाही. गण म्हणजे तीन अक्षरांचा गट, य गण म्हणजे यमाचा, र गण म्हणजे राधिका असं पाठ करून लघु गुरूच्या, म्हणजे आखूड लांब अक्षरांच्या, खुणा करत बसण्याआधी मनाचे श्लोक मोठ्यानं म्हणा आणि बाकावर ताल धरा, एक लघु दोन गुरू, असं एका ओळीत चार वेळा, भुजंगप्रयात वृत्त बोटांना समजते, खुणा नंतर.

शाळेतल्या सरांना मी दोष देत नाही, त्यांच्या मागं किती कामं असतात ते गावात राहून दिसते. पण आपला पेपर गावोगावी येतो आणि परीक्षेचं पान पोरं खरंच वाचतात. म्हणून विनंती आहे की ट्रिक्सच्या चौकटीच्या जागी आठवड्यातून एकदा एकच ओळ द्या, कवितेची, झडतीची, जात्यावरच्या ओवीची, पेपरातल्या हेडिंगची पण चालेल, आणि खाली एकच प्रश्न, यातला अलंकार काढून ओळ लिहा आणि काय गेलं ते सांगा. उत्तरं पोरांकडूनच मागवा, चांगली छापा, वऱ्हाडीत आली तर वऱ्हाडीतच छापा, शुद्ध करू नका. हे पोळ्याच्या आधी सुरू झालं तर आमच्या गावच्या झडत्या मी स्वतः टाईप करून पाठवते, फक्त कोणत्या नंबरवर पाठवायच्या ते पानावर टाका.

आपली,
एक वाचक,
ता. दिग्रस, जि. यवतमाळ