पदवीदान तालुक्याच्या गावीही व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दीक्षांत समारंभ झाला की दुसऱ्या दिवशी सुवर्णपदक विजेत्यांचे फोटो छापून येतात. त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण बाकीच्या पदवीधरांचे काय?

माझी भाची बी.ए. झाली. तिच्या घरातली ती पहिली पदवीधर. प्रमाणपत्र मिळाले ते कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीतून. मार्कलिस्टची झेरॉक्स घेतली, रजिस्टरवर सही घेतली, ‘नाव बघून घ्या’ म्हणाले आणि पुढच्या मुलाला हाक मारली. तिची आई ठेवणीतली साडी नेसून व्हरांड्यात थांबली होती. तिला वाटले होते, आत बोलावतील.

आमच्या बेळगाव-खानापूर भागात दहावीला चांगले गुण मिळाले की गल्लीतले मंडळ गुणगौरव करते, शाल-श्रीफळ देते. पदवीला मात्र टाळीसुद्धा नाही. याचे मला फार वाईट वाटते. बारावीनंतर मुलीला पुढे शिकवायचे की स्थळे बघायची, हे घरीच ठरते. शेजारची मुलगी पदवी घेताना ज्या आईबापांनी पाहिली, ते निदान दोनदा विचार करतील.

पूर्वी आमची कॉलेजे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले आणि पदवी बेळगावजवळच्या भूतरामनहट्टीपर्यंत आली. तरी कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसाला तेही लांबच पडते. शिवाय एकाच मंडपात सगळे पदवीधर मावणार नाहीत, हेही मान्य. म्हणून राज्यपालांच्या उपस्थितीतला मुख्य समारंभ तिथेच होऊ द्या. त्यानंतर खानापूर, निपाणी, चिकोडी अशा ठिकाणी तिथल्या कॉलेजांनी मिळून पदवीदान करावे. पात्र ठरल्यापासून १८० दिवसांत पदवी द्यावी, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २००८ चा नियम आहे. तो पाळला तर मुले नोकरीसाठी पुण्या-गोव्याकडे पांगण्याआधीच हे उरकता येईल.

झगे-टोप्या नकोत, त्यांचे भाडे कशाला? निवेदन कन्नडबरोबर मराठीतही व्हावे. प्रत्येकाचे नाव पुकारावे आणि आई किंवा वडिलांना सोबत स्टेजवर बोलवावे. तारीख मात्र भातलावणी आणि सुगी टाळून धरावी. कार्यक्रम सकाळी लवकर सुरू करावा, म्हणजे लांबच्या गावच्या लोकांना परतीची बस मिळेल.

आपला,
एक वाचक, खानापूर