खुले पत्र : संबळ मढवणाऱ्याचा जीएसटी नंबर कुठून आणू?

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातून लिहिते आहे. गेल्या सोमवारी आमच्या लोककला वर्गाच्या अनुदानाबद्दल सरकारी कार्यालयाचं पत्र पोस्टमननं हातात दिलं. मजकूर दोन ओळींचा. ‘जीएसटी नोंदणीकृत विक्रेत्याचे देयक जोडलेले नाही. सबब दावा अमान्य करण्यात येत आहे.’ पत्र वाचून मी ओट्यावरच बसले.

आमचं मंडळ लहान आहे. ऊसतोडीला गेलेल्यांची जी पोरं गावात मागं राहतात, त्यांना आम्ही भारूड, गोंधळ आणि गोंधळात वाजतं ते संबळ शिकवतो. दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव कुलुपात जातं. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. ते ट्रॅक्टरवर चढले की घरात उरते आजी आणि पोरं, थेट गुढीपाडव्यापर्यंत. हंगामी वसतिगृहात जेवण मिळतं. पण दिवेलागणीनंतर त्या पोरांनी काय करायचं? पोरगी एकटी मागं ठेवायची भीती वाटते म्हणून आठवी-नववीतच तिचं लग्न उरकणारे आईबाप मी स्वतः पाहिलेत. म्हणून आम्ही रोज संध्याकाळी समाजमंदिरात पोरं बसवतो.

मागच्या वर्षी जुलैत अनुदानाचा अर्ज केला. १ लाख ८० हजार मागितले होते. धर्मादायची नोंदणी, घटना, तीन वर्षांचं ऑडिट, ठराव, पदाधिकाऱ्यांचे फोटो. हमीपत्राला बाँड लागला. ऑक्टोबर २०२४ पासून तो शंभराचा पाचशेला झालाय, हे तुम्हाला ठाऊकच असेल, कारण निर्णय तुमच्याच सरकारचा. त्रुटी निघाली म्हणून दोनदा मुंबईला आले. केजहून एसटीनं लातूर, लातूरहून रात्रीची गाडी, सकाळी स्टेशनवरच तोंड धुवून कार्यालय. पहिल्यांदा साहेब बैठकीत होते. दुसऱ्यांदा सांगितलं, कागद पोचलेत, जा तुम्ही.

सप्टेंबरात तत्त्वतः मंजुरीचं पत्र आलं. खर्च आधी करा, बिलं जोडा, पैसे नंतर मिळतील. त्या पत्रावर विश्वास ठेवून मी बचत गटातून ४० हजार उचलले, शेकडा दोननं. आज दहावा महिना आहे, हिशोब तुम्हीच करा. शिकवणाऱ्या दोन म्हाताऱ्या कलावंतांना अजून निम्मंच मानधन दिलंय. त्यातले एक मला रस्त्यात दिसले तर मी गल्ली बदलते. माणूस एका शब्दानं विचारत नाही, म्हणून जास्त लाज वाटते.

आता बिलाचं सांगते. तीन संबळ घेतले, ९ हजारांचे. मढवून देणारे आजोबा सत्तरीचे. कातडं भिजत घालायचं, कड्यावर ताणायचं, दोरीनं आवळत जायचं, मग बोटानं वाजवून कान लावायचा. सूर बसला नाही तर परत सोडायचं. एका संबळाला त्यांनी चार दिवस घेतले. बिल मागितलं तर नातवाच्या वहीचं पान फाडलं, नातवानं रक्कम लिहिली, आजोबांनी खाली अंगठा उठवला. शाई कमी पडली म्हणून दोनदा. तेच बिल मी जोडलं. दुसरं आणू कुठून?

आणि का आणू? वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर गावातल्या गावात माल विकणाऱ्याला जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, हा कायदा आहे. मग जे कायद्यानं त्यांच्याकडून मागितलेलंच नाही, ते तुमचं कार्यालय माझ्याकडून कोणत्या नियमानं मागतं? शहरातल्या दुकानातून तयार वाद्यं घेतली असती तर छापील बिल आलं असतं आणि पैसेही आले असते. गावात आजही जो हातानं वाद्य घडवतो, त्याच्याकडून घेतलं म्हणून आम्ही अपात्र. लोककला जपा असं स्टेजवरून सांगायचं आणि लोककलेतला माणूस कागदात बसत नाही म्हणून बाहेर काढायचा, याचा मला संताप येतो.

मागच्या वर्षी जिल्ह्याच्या कार्यक्रमात तुम्ही म्हणाला होतात, मराठवाड्याच्या कलेला पैसा कमी पडू देणार नाही. मी आमची चौदा पोरं घेऊन तिसऱ्या रांगेत बसले होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पण एकट्या तुम्हाला तरी काय बोलू? आमच्याकडं सगळंच असं येतं. १६ सप्टेंबर २०२३ ला अख्खं मंत्रिमंडळ संभाजीनगरला आलं, ४५ हजार कोटींच्या वर आकडे जाहीर झाले. मराठवाडा विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, तेव्हापासून आमचा अनुशेष, म्हणजे विकासात राहिलेली तूट, कुणी मोजावी हाही प्रश्नच. एकनाथ पैठणचे, आद्यकवी मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला, भवानीचा गोंधळ तुळजापूरचा. भाषणात ही नावं घ्यायला मराठवाडा लागतो. पैसे द्यायची वेळ आली की आमच्या बिलात खोट निघते.

सातवीतलं एक पोरगं आहे. हंगामात बाप कारखान्यावर, आई सोबत. रात्री नऊला बाप फोन लावतो, उसाच्या फडातल्या कोपीतून, म्हणजे पाचटाच्या झोपडीतून, अंधारात त्याचं तोंडही नीट दिसत नाही. पोरगं फोन भिंतीला टेकवून ठेवतं आणि संबळ वाजवतं. एकदा हात चुकला तर पलीकडून आई म्हणाली, ‘परत घे रं.’ त्यानं परत घेतलं. त्या कार्यक्रमाचा, तुमच्या कागदात बसेल असा, ठिकाणाची नोंद असलेला जिओटॅग फोटो माझ्याकडं नाही.

माझी मागणी एवढीच. नोंदणीची सक्ती नसलेल्या कारागिराची साधी पावती ग्राह्य धरा. मंजूर रकमेतली निम्मी दसऱ्याच्या आत द्या, कारण आमची पोरं दिवाळीनंतर एकटी पडतात, मार्चअखेरीला नाही. आणि माझा दावा परत तपासा. मजूर नेणारे मुकादम पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वाटायला लागलेत, आमच्याकडं दिवस थोडे आहेत.

आपली,
लोककला वर्गाची एक शिक्षिका,
ता. केज, जि. बीड

सोबत : वहीच्या पानावरील पावती, तिसऱ्यांदा. या वेळी झेरॉक्स नाही, मूळ प्रत.