क्रूझचे डिपॉझिट परत मिळणार की नाही, हे पैसे घेण्यापूर्वी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांच्या बुकिंगचा हंगाम जवळ आला की वृत्तपत्रांतून क्रूझच्या जाहिराती झळकू लागतात. त्यांत दर ठळक टायपात असतो आणि अमुक रक्कम भरून केबिन आजच निश्चित करा, असे आवाहन असते. सहल रद्द करावी लागली तर ही रक्कम परत मिळणार की नाही, आणि मिळणार असेल तर कोणत्या तारखेपर्यंत, याचा मात्र जाहिरातीत उल्लेख नसतो. बुकिंगच्या टेबलावरही ही गोष्ट ग्राहकाने विचारल्याशिवाय क्वचितच सांगितली जाते. मी विमा क्षेत्रातून निवृत्त झालो असल्यामुळे आप्तेष्ट आणि शेजारी असे कागद घेऊन माझ्याकडे येतात, आणि बहुतेक वेळा ते येतात तोवर पैसे भरून झालेले असतात.

हा प्रश्न आता मूठभर हौशी प्रवाशांपुरता राहिलेला नाही. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची जहाजसेवा मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा मार्गांवर सुरू झाली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतच 'क्रूझ भारत मिशन'ची घोषणा झाली आणि २०२९ पर्यंत सागरी क्रूझ प्रवाशांची संख्या १० लाखांवर नेण्याचे उद्दिष्ट ठरले. बॅलार्ड पिअरचे नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलही २०२५ मध्ये वापरात आले. शिवाय सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझ आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या कार्यक्रमांत कित्येक वर्षांपासून आहेत, आणि अमेरिकेत स्थायिक झालेली मुले आईवडिलांना अलास्काची क्रूझ घडवतात, हे तर पुण्या-ठाण्यातल्या अनेक घरांना परिचयाचे आहे.

परत मिळणारे आणि न परतणारे अशी दोन प्रकारची डिपॉझिट असण्यात मुळात गैर काही नाही. केबिन वर्ष-दीड वर्ष आधी विकली गेली आणि ती विक्री पक्की राहिली, तर कंपनीला जहाजाचे गणित मांडणे सोपे जाते. त्या निश्चितीच्या बदल्यात ती दर कमी करते, आणि ज्याला मन बदलण्याची मुभा हवी आहे त्याच्याकडून थोडे जास्त घेते. रॉयल कॅरिबियन आणि सेलिब्रिटी या कंपन्यांच्या अमेरिकन विक्रीत एकाच केबिनचे असे दोन दर दिसतात, आणि मोठ्या सूटसाठी, म्हणजे आलिशान केबिनसाठी, अनेकदा न परतणारे डिपॉझिट हाच एक पर्याय असतो. कार्निव्हलची 'अर्ली सेव्हर' ही सवलतही याच तत्त्वावर चालते. न परतणाऱ्या प्रकारात जहाज किंवा तारीख बदलायची झाल्यास रॉयल कॅरिबियन माणशी १०० डॉलर आकारत आली आहे, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला नुसती तारीख पुढे ढकलण्यासाठी ४०० डॉलर. अशा अटी कंपन्या अधूनमधून बदलतात, म्हणून ज्या दिवशी पैसे भरले त्या दिवशीच्या अटी छापून फाइलला लावून ठेवणे चांगले.

माझा आक्षेप आहे तो या व्यवहारातील मौनावर. न परतणारे डिपॉझिट घेणारा ग्राहक प्रत्यक्षात एक जोखीम स्वतःच्या अंगावर घेत असतो, आणि दोन दरांतील फरक हा त्या जोखमीचा मोबदला असतो. विम्याच्या धंद्यात जोखीम आणि तिची किंमत एकाच कागदावर लिहावी लागते; इथे मात्र ग्राहकाला फक्त कमी दर दाखवला जातो, आणि दुसरा दर अस्तित्वात आहे हेच त्याला कळत नाही.

परत मिळणाऱ्या डिपॉझिटबद्दलही मोठा गैरसमज आहे. ते कायम परत मिळते असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात ही मुभा संपूर्ण रक्कम भरण्याच्या अंतिम तारखेपर्यंतच असते, आणि परदेशी कंपन्यांच्या आठवडाभराच्या किंवा त्याहून लांब सफरींसाठी ही तारीख सहसा जहाज सुटण्याच्या सुमारे ९० दिवस आधी येते. त्यानंतर दोन्ही प्रकारचे प्रवासी एकाच रांगेत येतात: साधारणपणे आधी भाड्याचा चौथा हिस्सा, मग निम्मा, मग तीन चतुर्थांश कापला जातो आणि शेवटच्या महिन्यात सगळेच भाडे जाते. म्हणून जास्तीचा दर मोजण्यात अर्थ आहे का, हे बुकिंगचा दिवस आणि ही अंतिम तारीख यांत किती काळ आहे यावर ठरते. पंधरा महिने आधी बुकिंग करणाऱ्याला तो वर्षभराचे स्वातंत्र्य देतो. चार महिने आधी बुकिंग करणाऱ्याला जेमतेम एक महिना मिळतो, आणि एका महिन्यासाठी माणशी काही हजार रुपये जास्त देणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. हा साधा हिशेब टेबलामागचा माणूस दोन मिनिटांत समजावून सांगू शकतो.

याच संदर्भात एक बारीक गोष्ट. भाडे पूर्ण जप्त झाले तरी बंदर शुल्क आणि सरकारी कर बहुतेक कंपन्या परत करतात, कारण प्रवासी चढलाच नाही तर ते पुढे भरावेच लागत नाहीत. ही रक्कम लहान नसते. मध्यस्थामार्फत बुकिंग केलेल्यांनी ती आठवणीने आणि लेखी मागावी.

आपल्या प्रवाशांच्या बाबतीत डिपॉझिटचा प्रश्न सर्वांत जास्त अडतो तो व्हिसापाशी, आणि पाश्चात्त्य ग्राहकांसाठी लिहिलेले सल्ले इथे फारसे कामाचे नाहीत, कारण त्यांच्या पासपोर्टला ही अडचण येत नाही. सिएटलहून निघून तिथेच परतणारी अलास्काची क्रूझ घ्या. अमेरिकेच्या १८८६ सालच्या कायद्याप्रमाणे परदेशी ध्वजाखालील जहाजाला वाटेत एखादे परदेशी बंदर घेतल्याशिवाय अमेरिकी बंदरांहून अशी फेरी करता येत नाही, म्हणून ही जहाजे कॅनडातील व्हिक्टोरियाला काही तास थांबतात. ते थांबणे रात्रीचे असो की प्रवासी जहाजातून खाली न उतरो, भारतीय पासपोर्ट असलेल्या आजी-आजोबांना अमेरिकेच्या व्हिसाबरोबर कॅनडाचाही व्हिसा लागतो. ग्रीन कार्ड किंवा अमेरिकी नागरिकत्व असलेल्या मुलांना हे स्वतःपुरते जाणवत नाही, आणि कॅनडाच्या व्हिसाचा विषय निघतो तोवर अंतिम भरणा झालेला असतो. कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची, असे प्रत्येक कंपनीच्या अटींत लिहिलेले असते. बंदरावर चढू दिले नाही तर भाड्याचा परतावा शून्य.

अमेरिकेच्या व्हिसाचेच पाहिले, तर २०२२-२३ च्या सुमारास मुंबईत पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना मुलाखतीसाठी वर्षाहून अधिक वाट पाहावी लागत होती. व्हिसा हातात नसताना न परतणारे डिपॉझिट भरणे म्हणजे वकिलातीतील अनोळखी अधिकाऱ्याच्या निर्णयावर पैज लावणे होय. ज्यांच्या कुटुंबातील एकाचाही व्हिसा बाकी आहे, त्यांनी जास्तीचा दर मोजून परत मिळणारे डिपॉझिटच घ्यावे, आणि अंतिम भरणा तारखेपर्यंत व्हिसा आला नाही तर मोह न ठेवता रद्द करावे, असेच मी सर्वांना सांगतो.

आपण बहुधा तीन पिढ्या मिळून जातो, हाही मुद्दा आहे. क्रूझचे दर केबिनमध्ये दोघे राहतील असे धरून लावलेले असतात. दोघांपैकी एकाने माघार घेतली तर उरलेल्या एकट्याकडून जवळजवळ दोघांचे भाडे मागितले जाऊ शकते. माझ्या परिचयातील एका कुटुंबात आजोबांचे हृदयाचे ऑपरेशन अचानक ठरले. त्यांचे डिपॉझिट गेले ते गेलेच, पण आजींच्या केबिनचा दरही जवळपास दुप्पट झाला, आणि शेवटी त्यांनीही बेत रद्द केला. मध्यस्थाने या शक्यतेचा शब्दही काढला नव्हता. मुळात त्याने दिलेल्या पावतीवर 'बुकिंग रक्कम' एवढेच लिहिलेले होते.

मध्यस्थांविषयी थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. सहल कंपनी अनेकदा जहाजावरील केबिनचा गट आधीच उचलते आणि त्या गटाच्या मुदती तिला पाळाव्या लागतात, हे मान्य आहे. म्हणूनच मूळ क्रूझ कंपनीकडे जे डिपॉझिट परत मिळते, तेच सहल कंपनीमार्फत भरल्यावर परत मिळत नाही असे घडते. पण मग जप्त झालेली रक्कम खरोखर जहाज कंपनीने ठेवली की मध्यस्थाने, हे ग्राहकाला कळलेच पाहिजे. त्यासाठी जहाज कंपनीचा स्वतःचा बुकिंग क्रमांक पैसे भरल्यावर लगेच मागून घ्यावा. त्या क्रमांकावरून केबिन कोणत्या दराने आणि कोणत्या अटीवर घेतली आहे ते कंपनीकडे पडताळता येते. क्रमांक द्यायला जो मध्यस्थ टाळाटाळ करतो, त्याच्याकडे मी बुकिंग करणार नाही.

विमा घेतला की सगळे सुरक्षित, हे माझ्याच क्षेत्राने पसरवलेले समाधान फसवे आहे. प्रवास विम्यात सहल रद्द होण्याची भरपाई ठरावीक कारणांसाठीच मिळते: स्वतःचे गंभीर आजारपण, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू अशी ती कारणे असतात. व्हिसा नाकारला जाणे बहुतेक पॉलिसींत येत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांचे कलम ज्येष्ठांच्या दाव्यांत हमखास आडवे येते. अमेरिकेतील रहिवाशांना कोणत्याही कारणाने रद्द करण्याची मुभा देणारे संरक्षण घेता येते, पण ते पहिले डिपॉझिट भरल्यापासून साधारणतः दोन-तीन आठवड्यांत घ्यावे लागते आणि खर्चाचा निम्मा ते तीन चतुर्थांश भागच परत देते.

कायद्याची बाजू आपल्याकडे अगदीच लंगडी आहे असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अन्याय्य कराराची व्याख्या आहे, आणि अवाजवी मोठी अनामत मागणे किंवा झालेल्या नुकसानीच्या मानाने पूर्णतः विसंगत दंड लावणे या दोन्ही गोष्टी तीत येतात. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७४सुद्धा करार मोडल्यास वाजवी भरपाईपुरतेच बोलते, आणि मौला बक्ष खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच व्यवहार पक्का करणारा विसार आणि करारपूर्तीची हमी म्हणून घेतलेले मोठे डिपॉझिट यांत फरक केला होता. अडचण अशी की करार अन्याय्य आहे ही तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालत नाही. त्यासाठी थेट राज्य आयोगाकडे जावे लागते. चाळीस-पन्नास हजारांच्या डिपॉझिटसाठी नाशिक किंवा सोलापूरचा निवृत्त माणूस तिथपर्यंत जाईल, अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. परदेशी कंपनीविरुद्ध तर वाट आणखी लांब. वाद फ्लोरिडातील न्यायालयातच चालेल, या क्रूझच्या तिकिटावर छापलेल्या अटीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये खुद्द अमेरिकेतल्याच, पण दुसऱ्या टोकाच्या वॉशिंग्टन राज्यातील दाम्पत्याविरुद्ध मान्यता दिली होती; तिथे आपली काय कथा.

ब्रिटनमध्ये २०१८ च्या पॅकेज सहल नियमांनुसार प्रवाशाला निघण्यापूर्वी केव्हाही करार मोडता येतो आणि कंपनीला फक्त वाजवी शुल्क घेता येते. सात दिवस आधी कळवून आपली जागा दुसऱ्याच्या नावे करण्याचा हक्कही आहे. अमेरिकेत १९६६ च्या कायद्याने तेथील बंदरांतून प्रवासी नेणाऱ्या मोठ्या क्रूझ कंपन्यांना प्रवाशांच्या पैशासाठी आर्थिक हमी द्यावी लागते, आणि २०२२ पासून सफर रद्द झाल्यास किंवा तीन दिवस अथवा अधिक लांबल्यास परताव्याचा नियम आहे. आपल्याकडे अशी हमी सक्तीची नाही. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईहून 'कर्णिका' जहाज घेऊन सुरू झालेली जलेश क्रूझ २०२० मध्ये बंद पडली आणि जहाज अलंगला भंगारात गेले. सिंगापूरच्या क्रूझमुळे आपल्याकडे परिचित असलेल्या गेंटिंग हाँगकाँगने जानेवारी २०२२ मध्ये कंपनी गुंडाळण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज केला. कंपनीच राहिली नाही तर 'परत मिळणारे' हा शिक्का कितीसा उपयोगाचा?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतील फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. खोटी घाई निर्माण करणे आणि खरी किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे या गोष्टी त्यांत निषिद्ध आहेत. 'शेवटच्या दोन केबिन शिल्लक' असे म्हणून न परतणारे डिपॉझिट भरून घेणाऱ्यांना ही तत्त्वे काटेकोरपणे लावावीत. त्यापुढे जाऊन क्रूझ विकणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही दर शेजारी-शेजारी दाखवणे, अंतिम भरणा तारीख आणि कपातीचा तक्ता मराठीत पावतीवरच छापणे, आणि जप्त रक्कम कोणाकडे राहिली ते लेखी कळवणे बंधनकारक करावे. राज्याच्या पर्यटन आणि ग्राहक संरक्षण विभागांनी हे एकत्रितपणे हाती घेतले तर मुंबईच्या नव्या टर्मिनलवरून होणाऱ्या विक्रीपासून सुरुवात करता येईल. तोपर्यंत, ज्यांची फसवणूक झाली आहे त्यांनी पावती आणि जाहिरातीचे कात्रण जपून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आपल्या वृत्तपत्रानेही क्रूझच्या जाहिराती स्वीकारताना दराखाली अंतिम भरणा तारीख आणि डिपॉझिटचा प्रकार छापण्याची अट घालावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
विमा क्षेत्रातून निवृत्त झालेला एक वाचक, ठाणे