घड्याळ चकाचक करण्याआधी विचारा

मा. संपादक,

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरगुती टिपांमध्ये घड्याळावरचे चरे टूथपेस्टने घालवा असं छापलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. टूथपेस्ट चालते, नाही असं नाही, पण ती जुन्या घड्याळांच्या प्लॅस्टिकच्या काचेवर, एचएमटी जनता वगैरेंना असायची ना तिच्यावर, मऊ कापडाने पाच-दहा मिनिटं घासलं की बारीक चरे खरंच जातात. स्टीलच्या केसवरचे, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीवरचे, किंवा चेनवरचे खोल चरे मात्र टूथपेस्टला दाद देत नाहीत, आणि जिथे ब्रश फिनिश आहे तिथे घासून घासून मध्येच एक चमकता डाग पडतो जो मूळ चऱ्यापेक्षा जास्त डोळ्यात येतो.

ब्रश फिनिश म्हणजे लिफ्टच्या स्टीलच्या दारावर असतात तशा एका दिशेने ओढलेल्या बारीक बारीक रेघा. म्हणजे तो पृष्ठभाग मुळात चऱ्यांचाच बनलेला असतो, फक्त शिस्तीत ओढलेल्या. आपला चरा दिसतो तो आडवा गेलेला असतो म्हणून. त्यामुळे इथे चमकवायचं नसतं, रेघा परत सरळ ओढायच्या असतात, आणि नेमकं हेच आपल्याकडे दुकानात कुणी विचारात घेत नाही.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांचं सिको फाइव्ह ऑटोमॅटिक, मामाने 1989 साली मस्कतहून आणलेलं, रिटायर होईपर्यंत हातात होतं. तिकिटांची पेटी डाव्या हाताला धरायची सवय, त्यामुळे चेनच्या कडीवर पेटीची कड घासून घासून ठराविक जागीच चरे पडलेले. अण्णा गेल्यावर ते घड्याळ मी सर्व्हिसिंगला दिलं, फक्त सर्व्हिसिंगला. परत आणायला गेलो तर दुकानदाराने मोठ्या कौतुकाने समोर ठेवलं, घ्या, नवीन करून दिलं, बफिंगचे पैसे पण नाही लावले. बफिंग म्हणजे फिरत्या चाकावर घासून चमकवणं, सगळं घड्याळ स्टीलच्या नव्या पेल्यासारखं चमकत होतं. रेघा गायब, आणि चेन जिथे अडकते त्या कानांच्या धारदार कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. त्या माणसाचा हेतू चांगला होता हे मला कळतं, पण बफ मारला की धातू जातो तो कायमचा जातो. म्हणूनच तर जुन्या महागड्या घड्याळांचे संग्राहक कधीच पॉलिश न केलेल्या पीससाठी जास्त पैसे मोजतात.

नंतर मीच शिकलो, आधी एका जुन्या फुटकळ चेनवर हात बसवला आणि मगच अण्णांच्या घड्याळाला हात लावला. बोहरी आळीतून 400, 600 आणि 800 नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, आणला (नंबर जितका मोठा तितका तो बारीक), बाकी भांड्याची हिरवी घासणी घरचीच, पण नवी कोरी घ्यायची, वापरलेलीत खडा अडकलेला असला तर वाट लागते. तारेची घासणी तर नकोच, तिचे कण स्टीलमध्ये रुततात आणि मागाहून गंजतात. चेन काढून घ्यायची, जो भाग चमकता ठेवायचाय त्याच्यावर टेप लावायची, आणि ही टेप सगळ्यात महत्त्वाची, मी पहिल्यांदा आळस केला तर एका मिनिटात चमकत्या पट्टीवर रेघा आल्या. खोल चरा असेल तरच 400, मग 600, 800, आणि शेवटी घासणी टेबलावर सपाट ठेवून चेन तिच्यावरून एकाच दिशेने ओढायची. मागे-पुढे करायचं नाही. उचलायची, परत सुरुवातीला ठेवायची, परत ओढायची, आणि हात मध्ये थांबवायचा नाही, थांबला की तिथे रेघ वाकते. केसच्या बाजूंसाठी खोडरबराला घासणीचा तुकडा गुंडाळला. काचेभोवती गोलाकार रेघा असतात त्या मात्र हाताने जमत नाहीत, तिथे मी गेलोच नाही.

रेघा परत आल्या. कानांच्या कडा नाही आल्या, त्या येणारही नाहीत. कडीवरचे पेटीचे चरे तर बफिंगमध्येच गेलेले, मला खरं तर तेच हवे होते.

पुरवणीत टीप परत छापाल तर दोन गोष्टी तरी त्यात घाला. एक म्हणजे सोनेरी, काळी किंवा क्रोम प्लेटिंगची केस अजिबात घासायची नाही, जुन्या एचएमटी बऱ्याचशा पितळेवर क्रोम केलेल्या असतात, घासलं की खालून पिवळं दिसायला लागतं आणि मग परत प्लेटिंग करण्याशिवाय उपाय नाही. दुसरं म्हणजे काम झाल्यावर साबणाच्या पाण्यात फक्त चेन धुवायची, घड्याळ नाही, जुन्या घड्याळाचं आतलं रबर वाळलेलं असतं आणि पाणी थेट मशीनमध्ये जातं.

आणि घड्याळ दुरुस्तीवाल्या सगळ्यांना हात जोडून विनंती, पावतीवर सर्व्हिसिंगच्या खाली "बफ मारायचा का?" एवढी एक ओळ छापून घ्या. गिऱ्हाईक हो म्हणालं तर मारा. वडिलांचं, आजोबांचं घड्याळ घेऊन आलेला माणूस बऱ्याचदा नाही म्हणेल.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे