आरसा लेपाला पाठवण्याआधी

पुणे, २१ नोव्हेंबर

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि तुझ्या दुर्बिणीतून काढलेले कृत्तिकांचे फोटो मिळाले. "आरसा गेलाय, नव्याने लेप द्यायला पाठवतो आणि कॅमेराही बदलतो," हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. कृपा करून यातलं काहीही आत्ता करू नकोस. फोटो मोठे करून कोपरा न् कोपरा पाहिला. त्यांत निरनिराळ्या तक्रारी एकात एक मिसळल्या आहेत, आणि लेपाची त्यांत एकही दिसत नाही. आरशावरचा चकचकीत लेप झिजला तर चित्र मंद होतं, ताऱ्यांचा आकार बिघडत नाही.

आधी उजव्या वरच्या कोपऱ्याचं बोलू. तिथले तारे ताणलेले आहेत, बाकीचे तीन कोपरे त्या मानाने बरे. माउंट, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारी बैठक, नीट मागोवा घेत नसता तर सगळ्या फोटोभर तारे एकाच दिशेला लांबले असते, त्यामुळे माउंटला यातून मोकळं करतो. तरी खात्रीसाठी दोन सेकंदांचा एक फोटो घे. त्यातही कोपरा तसाच असेल तर पुढची चाचणी कर. फोकसर, म्हणजे फोकससाठी पुढे-मागे सरकणारी नळी, आणि कोमा करेक्टर, म्हणजे कडेचे तारे नीट करणारं भिंग, अजिबात हलू न देता फक्त कॅमेरा ९० अंशांनी फिरव, पुन्हा फोकस कर आणि तेच तारे टिप. खराबी चित्राच्या त्याच कोपऱ्यात राहिली, तर ती कॅमेऱ्याबरोबर फिरली. म्हणजे सेन्सर कललाय किंवा कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी टी-रिंग नीट बसलेली नाही. दुसऱ्या कोपऱ्यात गेली, तर कॅमेरा निर्दोष आहे, आणि दोष फोकसरपासून आरशापर्यंत कुठेतरी. कॅमेरा विकायचा की नाही हे ठरवायला एवढं पुरतं. दुर्बीण पूर्वेकडे असताना एक कोपरा आणि पश्चिमेकडे वळवल्यावर दुसराच बिघडत असेल, तर कॅमेऱ्याच्या वजनाने फोकसर झुकतोय किंवा आरसा सेलमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या चौकटीत, सरकतोय.

चारही कोपऱ्यांत तारे सारखेच केंद्रापासून बाहेरच्या दिशेला शेपट्या काढू लागले, तर मात्र करेक्टर आणि सेन्सर यांमधलं अंतर मोज. तुझ्या करेक्टरला ५५ मिलिमीटर लागतात. कॅननच्या बॉडीचे ४४ आणि टी-रिंगचे ११ मिळून ते बरोबर जमतात. मध्ये २ मिलिमीटर जाडीची फिल्टरची काच आली की सुमारे पाऊण मिलिमीटर वाढवून द्यावं लागतं.

मला खरी काळजी मधल्या ताऱ्यांची वाटते. ते किंचित तिकोनी आहेत. प्रायमरी, म्हणजे मोठ्या आरशाला तीन बाजूंनी धरणाऱ्या क्लिपा आवळल्या गेल्या की काच सूक्ष्मशी वाकते आणि असाच आकार येतो. ठळक तारा फोकसच्या थोडा अलीकडे आणि मग थोडा पलीकडे नेऊन बघ. दोन्हीकडे गोलसर त्रिकोण दिसला आणि त्याचं टोक उलट्या दिशेला वळलं, तर क्लिपाच. पण हे आरसा थंड झाल्यावर बघ. दुर्बीण संध्याकाळीच अंगणात काढून ठेव, नाहीतर काचेवरून उठणारी ऊब ताऱ्याला नाचवत राहील आणि तू भलतंच निदान करशील. क्लिपा ढिल्या करायला मागची सेल नळीतून काढावी लागेल, आरसा मात्र सेलमधून काढू नकोस. क्लिप आणि काच यांमध्ये साधा कागद सरकेल इतकीच फट ठेव.

लेसर सगळं जागेवर दाखवतोय म्हणून कोलिमेशनबद्दल, म्हणजे आरसे एका रेषेत जुळण्याबद्दल, तू निर्धास्त आहेस. पण तो लेसर स्वतः सरळ आहे का? फळीवर खिळ्यांच्या दोन जोड्या ठोक, त्यांवर लेसर आडवा ठेव आणि समोरच्या भिंतीवर ठिपका बघत तो गोल फिरव. ठिपका जागचा हलला नाही तर ठीक. वर्तुळ काढू लागला तर त्याच्या भरवशावर आरसा हलवायचा नाही. हबल अवकाश दुर्बिणीचं असंच झालं होतं. तिचा २.४ मीटरचा आरसा अत्यंत काटेकोरपणे घासला गेला, पण तपासणीच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी होतं. त्यामुळे आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट झाली. दुसऱ्या साध्या उपकरणांनी तेव्हाच दोष दाखवला होता, पण ती कमी अचूक म्हणून त्यांचं म्हणणं बाजूला सारलं गेलं. एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण वर गेली आणि डिसेंबर १९९३ मध्ये दुरुस्ती होईपर्यंत अंधुकच पाहत राहिली. मला हे आठवलं की आजही वाईट वाटतं. दोन तपासण्यांचं जमत नसेल तर आपल्या आवडीच्या तपासणीवर विश्वास ठेवून पुढे जायचं नाही, हे मी तिथून घेतलं.

म्हणून लेसरने जुळवलंस की ताऱ्यावर पडताळ. तुमच्या चिपळूणहून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंशांवर असतो, तिथली हवा फार थरथरते. त्याऐवजी रात्री दहा-साडेदहाला मेषेतला हमाल नावाचा ठळक तारा जवळजवळ डोक्यावर येतो, तो घे. तारा दृश्याच्या बरोबर मध्यावर आण, किंचित फोकसबाहेर ने, आणि कडी एकमेकींत समकेंद्री दिसेपर्यंत प्रायमरीचे स्क्रू थोडे थोडे फिरव.

मध्यरात्रीनंतरच्या फोटोंत प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती धुरकट वलय आहे. कृत्तिकांभोवती खरा निळसर तेजोमेघ आहेच, पण तो आधीच्या फोटोंतही आहे आणि असा नेमका गोल नाही. तुमच्या हवेत हे सेकंडरीवरचं, म्हणजे नळीतल्या छोट्या आरशावरचं, दव. तिच्या पाठीला छोटी हीटरपट्टी लाव, आणि फडक्याने चुकूनही पुसू नकोस. लेप जेमतेम ०.१ मायक्रॉन जाडीचा असतो.

फोटोंतल्या राखाडी कड्या धुळीच्या आहेत, आणि ती धूळ आरशावरची नाही. कडीचा व्यास गुणिले दुर्बिणीचा एफ-अंक (फोकल लांबी भागिले आरशाचा व्यास) म्हणजे सेन्सरपासूनचं अंतर. ८० पिक्सेल, प्रत्येकी ३.७ मायक्रॉन, म्हणजे ०.३ मिलिमीटर, त्याला तुझ्या दुर्बिणीच्या एफ-अंकाने, ५ ने, गुणलं की दीड मिलिमीटर. धूळ सेन्सरपुढच्या काचेवर बसलीय. हवेच्या फुग्याने फुंकर मार, उरलेलं फ्लॅट फ्रेम, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो, सांभाळतील. कॅमेरा फिरवलास तर फ्लॅट नव्याने घे, जुने चालणार नाहीत.

येत्या अमावास्येला कॅमेरा फिरवायची चाचणी आणि फोकसच्या दोन्ही बाजूंचे फोटो एवढंच कर, बाकीला हात लावू नकोस. फाइली कच्च्याच पाठव, जेपेग नको, आणि प्रत्येकीपुढे दुर्बीण आकाशात कुठल्या बाजूला होती ते लिही. त्या आल्या की मी रविवारी फोन करतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर