बॅटरी कारखान्याला वीज सवलत द्या, पण अट घालून द्या

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या लिथियम बॅटरी प्रकल्पाला 2024 मध्ये मंत्रिमंडळ उपसमितीने मान्यता दिली, तेव्हा आमच्या खेड्यातही आनंद झाला. पोरांना कामासाठी पुणं गाठावं लागणार नाही, ही आशा मोठी आहे. म्हणूनच असे कारखाने यंत्रांची खरेदी करतील त्याआधी एक मागणी करतो. मी शेती करतो आणि इन्व्हर्टर-कन्व्हर्टर दुरुस्तीवर घर चालवतो.

बॅटरीचा सेल, म्हणजे तिचा एक सुटा घटक, तयार झाला की लगेच विकता येत नाही. आधी तो सावकाश चार्ज करतात, मग डिस्चार्ज करून त्याची क्षमता मोजतात. या फॉर्मेशनला कित्येक तास लागतात. डिस्चार्ज होताना निघणारी वीज जुन्या पद्धतीच्या यंत्रात रेझिस्टरमध्ये जाळली जाते, शेगडीची कॉइल तापावी तशी. ती उष्णता बाहेर काढायला परत एसी चालवा, तेही मे महिन्यात, बाहेर 45 अंश असताना! रिजनरेटिव्ह यंत्रात हीच वीज शेजारी चार्ज होत असलेल्या सेलना मिळते, उरली तर ग्रिडला जाते. सेल तीन-चार व्होल्टचा, त्यामुळे त्याची वीज परत वापरण्याजोगी करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये थोडी तूट येतेच. तरी बरीचशी वीज वाचते.

वर्षाला 5 गिगावॅट-अवर सेल बनवणाऱ्या कारखान्याने प्रत्येक सेल एकदाच पूर्ण डिस्चार्ज केला, तरी ती वीज 50 लाख युनिट भरते. कोळशाच्या विजेला युनिटमागे अर्ध्या किलोहून जास्त कोळसा लागतो. तो जळतो कोराडीत, चंद्रपुरात. राख आमच्या वाट्याला येते. जुलै 2022 मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्यातला राखेचा बंधारा फुटला, तेव्हा ती शेतांत आणि नाल्यांत शिरली. आणि हरभऱ्याच्या ओलितासाठी थ्री फेज लाइन अजूनही बऱ्याच गावांत रात्रीचीच. रोही-रानडुकरांच्या वाटेनं माणूस अंधारात मोटर लावायला जातो.

साहेब, माझा मुख्य मुद्दा सवलतीचा आहे. विदर्भातल्या नव्या उद्योगांना वीज शुल्कात माफी मिळते, वीजदरातही सवलत मिळत आली आहे. ती हवीच. पण वीज स्वस्त पडली की महागड्या रिजनरेटिव्ह यंत्राचा पैसा वसूल व्हायला जास्त वर्षं लागतात, आणि कारखानदाराला स्वस्तातलं, वीज जाळणारं यंत्र परवडतं. असं यंत्र एकदा बसलं की पुढची कितीतरी वर्षं हलत नाही.

तेव्हा सवलतीच्या आदेशातच लिहा: फॉर्मेशन विभागाला स्वतंत्र मीटर हवं, डिस्चार्जची वीज परत वापरणारीच यंत्रं हवीत, आणि मीटरचे आकडे दरवर्षी जाहीर व्हावेत. सेल जिथे जोडतात त्या ड्राय रूमची हवा कोरडी ठेवायलाही भरमसाट वीज लागते, पण ती टाळता येत नाही. डिस्चार्जची ही नासाडी टाळता येते.

या कन्व्हर्टरांची दुरुस्ती आमच्या तालुक्यांच्या आयटीआयत शिकवायला आत्ताच सुरुवात करा. कारखाना उभा राहीपर्यंत पहिली तुकडी तयार व्हायला हवी.

आपला,
नागपूर जिल्ह्यातील एक शेतकरी व वीजतंत्री