साध्या फोटोंमागचं लिहून ठेवताना

चि. ऋता,
अनेक आशीर्वाद.

फोटोंचं खोकं हाती आलं, आता पुढे काय करू, असं तू विचारलंस. अल्बम लावायची घाई करू नकोस, तो काय कधीही लागेल. हा फोटो कोणी काढला, का काढला, चौकटीच्या बाहेर कोण उभं होतं, हे सगळं फोटोत नसतं. ते माणसांच्या डोक्यात असतं, आणि माणसं थांबत नाहीत. म्हणून आधी ते लिहून घे.

समारंभाचे फोटो सध्या बाजूला ठेव. त्यांची तारीख आणि माणसं कुठे ना कुठे नोंदलेली असतात, शिवाय त्यांत सगळे एकाच साच्यात उभे. खरा ऐवज साध्या फोटोंत सापडतो. कोणीतरी खिडकीपाशी वाचत बसलेलं असतं, दारात चपलांचा ढीग असतो, फोटो माणसाचा असून मागची कपड्यांची दोरीच जास्त दिसत असते. ३६ फोटोंच्या रोलमधले शेवटचे दोन-तीन मुद्दाम शोध. रोल धुवायला द्यायचा म्हणून उरलेल्या फ्रेमवर लोक समोर दिसेल ते टिपायचे, आणि घर जसं होतं तसं तिथेच दिसतं. हललेला, अंधारा, डोकं कापलं गेलेला फोटोही फेकण्याआधी एकदा वडीलधाऱ्या माणसापुढे धर.

बैठक छोटी ठेव. आठ-दहा फोटो पुरे. त्यापुढे माणूस दमतो आणि नुसती नावं सांगत सुटतो. छापील फोटो असेल तर तोच हातात दे. फोनवर दाखवलास तर बोटाने पुढे सरकवण्याचा मोह होतो. आवाज नोंदवायचा असेल तर फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, घडी घातलेल्या कापडावर ठेव. टेबलावर तसाच ठेवलास तर प्रत्येक टकटक त्यात येते. पंखा बंद कर. आणि प्रत्येक फोटोच्या सुरुवातीला त्याचा क्रमांक मोठ्याने बोल, नाहीतर तासाभराच्या नोंदीत ‘ही बघ, ही पण तिथेच होती’ यातली ‘ही’ कोण, ते नंतर तुलाच कळणार नाही.

प्रश्न कसा विचारतेस यावर सगळं अवलंबून आहे. ‘हे आठवतं का?’ असं विचारलंस की ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच हाती लागतं. त्याऐवजी वस्तूवर बोट ठेव. ही खुर्ची नंतर कुठे गेली? हा दरवाजा कुठे उघडायचा? त्या वेळी खोलीत कसले आवाज असायचे? कॅमेरा कोणाचा, आणि तो धरणारा कोण? घरात जो कायम फोटो काढतो तो फोटोंत जवळजवळ नसतोच, त्याची नोंद फक्त या प्रश्नातून होते. मग विचार, की त्या दिवशी घरात असूनही फोटोत नाही असं कोण होतं? या प्रश्नावर माणसं थबकतात. थबकू दे, मध्ये बोलू नकोस.

तुला माहीत असलेली हकीकत मात्र आधी सांगू नकोस. २००२ साली मानसशास्त्रज्ञ किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. २० मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणीच्या खऱ्या फोटोंसोबत, गरम हवेच्या फुग्यात बसल्याचा एक बनावट फोटो दाखवला. तसा प्रवास घडलाच नव्हता, हे घरच्यांकडून आधी तपासलं होतं. तरी तिसऱ्या मुलाखतीपर्यंत निम्म्यांना तो थोडाफार ‘आठवला’. पुढे २००५ मध्ये गॅरी आणि वेड यांनी फोटोची तुलना लेखी हकिकतीशी केली, तर नुसत्या शब्दांनी खोट्या आठवणी जास्त तयार झाल्या. म्हणजे ‘हा फोटो तुम्ही नवीन घरात आलात तेव्हाचा ना?’ असं म्हणालीस, तर समोरून येणारं उत्तर अर्धं तुझंच असेल.

दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर पंच होऊ नकोस. दोन्ही लिही, नावानिशी. एकत्र बसवलंस तर मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो आणि दुसऱ्याची आठवण मुकाट्याने बदलते, त्यामुळे पहिली बैठक प्रत्येकाची वेगळी घे.

लिहायचं कसं, ते एका नमुन्यावर दाखवते. समज, फोटोत एक बाई दारात उभी आहे, हातात कापडी पिशवी, मागे भिंतीला टेकवलेली सायकल. बहुतेक लोक मागे लिहितात, ‘मावशी, घरी.’ कोणाची मावशी? कोणतं घर? मावशी, काका, आजी ही नाती लिहिणाऱ्यापासून मोजलेली असतात. एक पिढी गेली की त्यांवरून माणूस ओळखता येत नाही. पूर्ण नाव लिही, आधीचं आणि नंतरचं आडनाव दोन्ही, मग नातं, तेही ‘अमुकची मावशी’ असं. नोंदीचे तीन तुकडे कर. पहिल्यात डोळ्यांना दिसतं तेवढंच: दार, पिशवी, सायकलचं मागचं मडगार्ड वाकलेलं. दुसऱ्यात सांगितलेलं: सायकल शेजाऱ्यांची होती, बाई निघाली होती आणि फोटोसाठी परत वळली. तिसऱ्यात कोणी सांगितलं आणि कधी. यातला तिसरा तुकडाच सगळे गाळतात, आणि पुढे नोंद चुकीची निघाली तर चूक कुठून आली ते शोधायला नेमका तोच लागतो. खूप माणसं असतील तर ‘बघणाऱ्याच्या डावीकडून’ असं स्पष्ट लिहून मागची रांग आधी घे.

आता फोटोच्या पाठीवर लिहिण्याबद्दल. बॉलपेन नको. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि तिरक्या उजेडात चेहऱ्यावर अक्षरं दिसतात. जुन्या, साध्या कागदी पाठीवर मऊ पेन्सिल उत्तम. फोटो कडक, गुळगुळीत पृष्ठभागावर पालथा ठेव आणि कडेला, चेहऱ्यांच्या मागची जागा सोडून, हलक्या हाताने लिही. गुळगुळीत प्लास्टिकसारख्या पाठीवर पेन्सिल उमटत नाही. तिथे न फुटणाऱ्या पिगमेंट शाईचं बारीक टोकाचं पेन वापर आणि शाई पूर्ण वाळेपर्यंत फोटो एकावर एक ठेवू नकोस, नाहीतर खालच्याच्या चेहऱ्यावर वरच्याचं नाव छापलं जाईल. पाठीवर फक्त क्रमांक, नावं आणि साल लिही. बाकी मजकूर वहीत. चिकटपट्टी, रबरबँड, टाचण्या, काहीही लावू नकोस.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नकोस. दात साफ करायचा, मेण न लावलेला दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकव. तरी सुटला नाही तर पान तसंच स्कॅन कर. काचेला चिकटलेल्या फोटोचं तर नावच काढू नकोस. सोलायला गेलीस तर चित्राचा थरच काचेवर राहतो. काचेतूनच, खिडकीकडून तिरका उजेड घेऊन, फ्लॅश न लावता त्याचा फोटो काढ.

तारीख हा स्वतंत्र उद्योग आहे. कोपऱ्यातल्या नारिंगी आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. बॅटरी बदलल्यावर कॅमेऱ्यातली तारीख पुन्हा लावावी लागायची आणि ती फारसं कोणी लावत नसे. मागे छापलेली तारीख असेल तर ती सहसा धुलाईची, फोटो काढल्याची नव्हे. सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार म्हणजे निगेटिव्हची पट्टी. तिच्या कडेला फ्रेमचे क्रमांक असतात, त्यावरून आधी काय आणि नंतर काय ते ठरतं. १४ नंबरवर वाढदिवस असेल आणि १७ वर सायकल, तर सायकल नंतरची. दोन फ्रेममध्ये महिनेही गेलेले असू शकतात, हे लक्षात ठेव. म्हणून पट्ट्या कापू नकोस आणि पाकिटांची सरमिसळ करू नकोस. साल नक्की नसेल तर ‘१९८४ ते १९८६ दरम्यान’ असं लिही. अंदाजाने टाकलेला एकच आकडा पुढच्या माणसाला पुरावा वाटतो.

स्कॅन करताना ४ × ६ इंची फोटोला ६०० डीपीआय (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) पुरे. त्यातून २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात, आणि टिफ या प्रकारच्या, आकार न घटवलेल्या फाइलला साधारण २६ एमबी जागा लागते. ३५ मिमी निगेटिव्हची चौकट जेमतेम २४ × ३६ मिमीची असते, तिला २४०० किंवा त्याहून जास्त डीपीआय हवा. निगेटिव्ह उलटी लागली तर सगळं डावं-उजवं होतं. पाटीवरची अक्षरं, शर्टाची बटणं, घड्याळ कोणत्या हातात आहे यावरून तपासून घे. मागे काही लिहिलेलं असेल तर पाठही स्कॅन कर. आधी लिहिणाऱ्याचं अक्षर हीसुद्धा नोंदच आहे.

फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस, मग एक-दोन शब्द, मग क्रमांक असं ठेव. महिना-दिवस माहीत नसेल तिथे शून्यं घाल, म्हणजे क्रम बिघडत नाही. मजकूर फाइलच्या आतल्या वर्णनाच्या रकान्यात भर. गुगल फोटोजमध्ये लिहिलेलं वर्णन फाइलच्या आत जात नाही. सगळा साठा उतरवून घेतलास तर ते फोटोसोबतच्या वेगळ्या मजकुराच्या (जेसॉन) फाइलमध्ये येतं. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीतून मूळ तारीख निघून जाते, तेव्हा घरच्यांकडून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांग. प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. यावर जास्त सांगायला नको.

नव्या फोटोंचं काय, हेही तू विचारलं होतंस. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे पूर्ण फोटो काढले त्या लोकांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. वस्तूच्या एखाद्या भागावर झूम केलं तेव्हा मात्र ती घट दिसली नाही. तेव्हा एकाच दृश्याचे वीस काढण्यापेक्षा एक काढ, एक जवळून काढ आणि त्याच रात्री दोन ओळी लिही: कोण हसत होतं आणि कशावरून.

सुरुवात खोक्यातल्या अशा फोटोंपासून कर, ज्यांतली माणसं ओळखणारं आता एकच कोणी उरलंय. बाकीचे थांबू शकतात. त्या व्यक्तीला फोन करून तिच्या सोयीची वेळ ठरव, आणि फोटो क्रमांक घालूनच घेऊन जा.

तुझी,
आई